भाऊजींची व्हॅन तापते

व्हॅन घ्यायची तर तिच्या पोटातलं इंजिन तिचं स्वतःचं आहे ना, हे आधी विचारायचं असतं, ही गोष्ट भाऊजींना व्हॅन घेऊन झाल्यावर कळली. तोवर त्यांचा समज असा होता की गाडीत इंजिन असलं म्हणजे झालं, कोणाचं का असेना. विकणाऱ्याने तर हे कौतुकाने सांगितलं होतं. “आधीचं इंजिन दमलं होतं साहेब. आता हिच्यात मोठ्या गाडीचं बसवलंय. ताकद बघाल तर चकित व्हाल.”

भाऊजी चकित झाले ते दुसऱ्या दिवशी, बाजाराच्या चौकात. या व्हॅनचं इंजिन पुढे नाकात नव्हतं, चालवणाऱ्याच्या सीटखाली होतं. सिग्नलला गाडी उभी असताना भाऊजींना खालून ऊब जाणवू लागली. वय झालं की ऊब बरी वाटते, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. मग ऊब वाढली. मग तिला ऊब म्हणणं जमेना. शेवटी सीटच्या फटीतून वाफ निघाली आणि सिग्नल हिरवा होताच बाकीच्या गाड्या पुढे गेल्या, भाऊजी तेवढे खाली उतरले. मागच्या टॅक्सीवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, “काका, आत चहा टाकलाय का?”

गाडीत तापमान दाखवणारा काटा होता, नाही असं नाही. पण तो जुन्या इंजिनाशी एकनिष्ठ होता. नवं इंजिन आल्यापासून त्याने हलणंच सोडून दिलं होतं. त्यामुळे भाऊजींना तापमान बसल्या जागी ओळखावं लागे. त्याच्या त्यांनी पायऱ्या ठरवल्या होत्या: कोमट, गरम, सरकून बसा, आणि उतरा.

आता एकट्या माणसाला आठ जणांची व्हॅन कशाला, हा प्रश्न मुलीने विचारला, जावयाने विचारला, सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर पार्किंगच्या नियमांसकट विचारला. भाऊजींनी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. खरं उत्तर कोणालाच दिलं नाही, कारण ते ऐकून लोकांनी त्यांनाच दवाखान्यात नेलं असतं.

खरं उत्तर असं होतं. भाऊजींची बायको बायकांच्या एका गायनमंडळात गायची. दर मंगळवारी सराव व्हायचा तो भाऊजींच्याच घरी, पुढच्या खोलीत. सगळ्याजणी तिला ताई म्हणत, म्हणून हे भाऊजी. हळूहळू दूधवालाही भाऊजी म्हणू लागला. सेक्रेटरी आणि त्यांची बायको दोघंही भाऊजी म्हणू लागले, त्यामुळे हे नक्की कोणाच्या बाजूचे, हा हिशेब कायमचा बारगळला. मग गेल्या वर्षी ताई गेली. मंडळ चालवणाऱ्या बाई, म्हणजे गाण्याच्या निवृत्त शिक्षिका, भेटायला आल्या आणि निघताना दारात म्हणाल्या, “भाऊजी, सराव आता आम्ही डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात करतो. तुम्हाला त्रास नको.”

डॉक्टरीणबाई मंडळातल्याच, दातांच्या. त्यांच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या जमिनीला स्क्रूने आवळलेल्या आणि भिंतीवर किडलेल्या दाढेचं दाराएवढं चित्र. शेजारी एक वकील, म्हणून आवाज दाबून गायचं. दाढेकडे बघत, दाबल्या आवाजात, चौदा पाय आवळलेल्या खुर्च्यांखाली घेऊन मंडळ गात होतं आणि इकडे पुढच्या खोलीत भाऊजी मंगळवारी एकटे बसून घड्याळ ऐकत होते. त्यांना एवढंच म्हणायचं होतं, ‘मला त्रास नाही, घरी या.’ एका श्वासाचं काम. पण ते तोंडातून निघेना. बायकोमुळे भाऊजी झालेला माणूस बायको गेल्यावर भाऊजी उरतो का, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि असल्या गोष्टी जिला विचारायच्या ती तर गेली होती.

अशात डोंगरावरच्या गावात समूहगानाची स्पर्धा लागली आणि रविवारची बस बंद झाल्याचं कानावर आलं. भाऊजींनी बाईंना फोन लावला. “बाई, जायची काळजी करू नका. माझ्याकडे व्हॅन आहे.”

“तुमच्याकडे? व्हॅन?”

“आहे,” भाऊजी ठामपणे म्हणाले, आणि फोन ठेवून व्हॅन शोधायला बाहेर पडले.

एक वाक्य बोलायला जमलं नाही म्हणून माणसाने आठ जणांची गाडी घ्यावी, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. भाऊजींना मात्र ते अगदी सरळ वाटत होतं. बायका गाडीत बसतील, तासभर गप्पा होतील, बोलता बोलता ते वाक्य निघून जाईल. अट एकच होती आणि ती बाईंनी त्याच फोनवर घातली होती. “गाडी धड असेल तर येऊ. नाहीतर मिनीबस सांगते. उगाच तुम्हाला त्रास नको.”

आणि गाडी तर बाजारापर्यंतही धड जात नव्हती.

भाऊजींनी ती ढकलत गॅरेजात नेली. तिथल्या मेकॅनिकला सगळे होईलशेठ म्हणत, कारण काहीही विचारलं तरी तो “होईल” म्हणायचा. कधी होईल, हे विचारलं तरी “होईल” म्हणायचा. त्याने सीट उचलली, आत पाहिलं आणि जुना मित्र भेटल्यासारखा हसला.

“हे इंजिन इथे कोणी घातलं?”

“ते मला माहीत नाही. मला ते तापतं एवढंच माहीत आहे.”

“तापणारच. चार माणसांच्या स्वयंपाकघरात लग्नाचा आचारी आणून बसवलाय. होईल.”

मग त्याने थर्मोस्टॅट बदलला. थर्मोस्टॅट म्हणजे एक छोटं झाकण असतं. पाणी तापलं की ते उघडतं आणि पाणी पुढे रेडिएटरमध्ये गार व्हायला जातं. भाऊजींना ही कल्पना फार आवडली. एवढंसं झाकण, पण कधी उघडायचं ते त्याला बरोबर कळतं. माणसाच्या तोंडाला असं काही असतं तर त्यांना व्हॅन घ्यावी लागली नसती. थर्मोस्टॅट बदलून गाडी तापली. रेडिएटर धुऊन गाडी तापली. रेडिएटरचं झाकण नवं टाकलं, तेव्हा तर झाकणाचा मान राखण्यासाठी ती जरा जास्तच तापली.

तोपर्यंत इमारतीत बातमी पसरली होती. ज्या माणसाच्या घरी वर्षभर कोणी फिरकलं नव्हतं, त्याच्या गाडीभोवती आता संध्याकाळी उभं राहायला जागा मिळेना. तिसऱ्या मजल्यावरचे प्रोफेसर रोज खाली येऊ लागले. त्यांचा विषय अर्थशास्त्र. पण आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला विषय आणि मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे उशिरा कळतं, काहींना कळतही नाही.

“भाऊजी, हा मागणी-पुरवठ्याचा प्रश्न आहे,” प्रोफेसर म्हणाले. “उष्णतेचं उत्पादन जास्त आहे आणि उठाव नाही.”

“मग काय करायचं?”

“ते धोरण ठरवणाऱ्यांचं काम. मी निदान केलं.”

सेक्रेटरींचं मत असं पडलं की गाडी तापते कारण ती चुकीच्या पार्किंगमध्ये उभी असते. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, नजर लागली नसेल ना? त्यावर सगळ्यांनी व्हॅनकडे पाहिलं. एका बाजूचा पत्रा पांढरा, दुसऱ्या बाजूचा कधीकाळी पांढरा, मागच्या दाराला दोरी. नजर लागण्याची शक्यता एकमताने फेटाळण्यात आली.

शेवटी होईलशेठला एक गोष्ट सुचली. रेडिएटर पुढे, इंजिन मध्ये, आणि मधले पाइप लांबच लांब. जुन्या इंजिनाचं डोकं खाली असायचं, या मोठ्याचं वर आलं होतं. त्यामुळे पाणी भरलं की आतली हवा त्या डोक्यात जाऊन बसते आणि पाण्याला फिरू देत नाही.

“म्हणजे डोक्यात हवा गेलीय,” भाऊजी म्हणाले.

“मोठ्या घरचं इंजिन ना. गाडीचं नाक चढावर करून उभी करा, इंजिन चालू ठेवा, वरून पाणी ओतत राहा आणि पाइप दाबत राहा. बुडबुडे निघाले की संपलं.”

आता इमारतीत चढ एकच, पार्किंगमधून बाहेर पडायचा उतार. शनिवारी सकाळी भाऊजींनी व्हॅन त्यावर चढवून नाक वर करून उभी केली. त्या क्षणी इमारतीतल्या सगळ्या गाड्या आत कोंडल्या गेल्या. सेक्रेटरी पायजम्यावर धावत आले. “भाऊजी! लोकांना कामाला जायचंय!”

“बुडबुडे निघाले की हलवतो.”

“कधी निघणार?”

“होईल,” भाऊजी म्हणाले. हा शब्द किती सोयीचा आहे ते त्यांना तेव्हा कळलं.

कोंडलेले लोक खाली जमले आणि जाता येत नाही म्हटल्यावर मदत करू लागले. एकजण पाण्याची बादली आणी, एकजण ओते, भाऊजी सीट उचलून आतला पाइप दाबत. बुडबुडा काही येईना. त्या दिवशी मुलगी नातवाला घेऊन आली होती. खांद्यावर बाळ, ते नुकतंच दूध पिऊन झालेलं. ती थोडा वेळ बघत राहिली. “बाबा, असं एकसारखं दाबून ढेकर येत नाही. दाबा, सोडा, थोपटा. मग थांबा. घाई केली की आत जातो.”

“अगं, हे बाळ नाही.”

“रडतंय तसंच आणि जागरण तेवढंच आहे.”

मग ती बाळाच्या पाठीवर थोपटू लागली आणि तिच्या तालावर भाऊजी पाइप दाबू-सोडू लागले. आधी बाळाने ढेकर दिला. सगळ्यांनी वा वा केली. आणि मग, जणू हेवा वाटून, व्हॅनच्या नाकातून असा काही लांबलचक गडगडाट झाला की बादलीवाल्याने बादली सोडली. एकामागून एक बुडबुडे फुटले, पाणी गपकन खाली गेलं, आणि उतारावर कोंडलेल्या समस्त नोकरदार मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनीही वाजवल्या. मग आपण पायजम्यात आहोत हे लक्षात येऊन ते वर गेले.

या सगळ्या धामधुमीत प्रोफेसरांनी कोणाकडून तरी स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला होता आणि ते व्हॅनच्या नाकाशी वाकून बराच वेळ काहीतरी करत होते. कशाला, हे विचारायचं राहून गेलं.

सोमवारी भाऊजी वाहन कार्यालयात गेले. घाटाच्या पायथ्याला नाक्यावर कागद बघतात, आणि कागदावर जुन्या इंजिनाचा नंबर होता. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने जेवणाची सुट्टी दाखवली. सुट्टीनंतर भेटलेले साहेब मात्र सज्जन होते. म्हणजे त्यांनी बसायला सांगितलं.

“कागदावर एक इंजिन, गाडीत दुसरं,” साहेब म्हणाले. “म्हणजे ही गाडी ती गाडीच नाही.”

“असं कसं साहेब? माझ्या बायकोचा गुडघा बदलला होता. नवा गुडघा आला म्हणून बायको दुसरी झाली नाही. स्वभावसुद्धा तोच राहिला.”

“गुडघ्याची नोंद आमच्याकडे होत नाही. जुनं इंजिन कुठे आहे?”

“गेलं.”

“गेलं तर गेल्याचा दाखला लागेल. भंगारवाल्याचा.”

गेल्याचे दाखले काढण्याची भाऊजींना वर्षभरात चांगली सवय झाली होती. कुठल्या टेबलावर गप्प बसायचं आणि कुठल्या टेबलावर खोकायचं हे ते शिकले होते. भंगारवाला शोधून त्यांनी संध्याकाळच्या आत दाखला आणला. मग साहेब गाडी बघायला रांगेत आले. “इंजिन चालू ठेवा. नंबर वाचायचाय.”

नंबर सीटखाली, अगदी आत. साहेब गुडघ्यावर बसून वाकले. दाखला आणून रांगेत लागल्यापासून भाऊजींची गाडी तशीच चालू उभी होती. आधी साहेबांचा चष्मा धुकटला. तो पुसून ते पुन्हा वाकले. “हा सात आहे की एक?” तेवढ्यात झाकणाने सुस्कारा सोडला आणि साहेब, त्यांचा चष्मा आणि त्यांचा इस्त्रीचा सदरा असे तिघेही वाफेत दिसेनासे झाले. आतून आवाज आला, “सातच आहे! सातच असणार! न्या ही गाडी इथून!” आणि शिक्का बसला. सरकारी काम इतकं लवकर झालेलं त्या कार्यालयाने पूर्वी पाहिलं नव्हतं.

काम झालं, पण भाऊजींचा चेहरा पडला. हवा तर निघाली होती, मग तापली का? ते होईलशेठकडे गेले.

“रांगेत तापली ना? रांगेत मीपण तापतो. रस्त्यावर चालवून बघा.”

चालवून पाहिली. मोकळ्या रस्त्यावर सीट कोमटच्या पुढे गेली नाही. भाऊजींनी सुटकेचा श्वास टाकला आणि बाईंना कळवलं, गाडी धड आहे. रात्री जावयाचा फोन आला. “बाबा, घाटात तापली तर हीटर पूर्ण सोडा. इंजिनाची उष्णता गाडीच्या आत येते, तेवढंच इंजिन सुटतं. मी व्हिडिओत पाहिलंय.” भाऊजी हसले. हीटरची वेळ येणारच नव्हती.

रविवारी सकाळी सात बायका एकाच निळ्या रंगाचे पोशाख घालून, पावडर लावून, प्रत्येकीच्या हातात कोमट पाण्याची बाटली घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. गाणाऱ्या बायका बाहेर पडताना गार पाणी घेत नाहीत. घसा बसतो. बाईंनी व्हॅनला एक फेरी मारली.

“दोरी घट्ट आहे ना मागची?”

“नवीन आहे,” भाऊजी अभिमानाने म्हणाले.

निघाले. बाई पुढे भाऊजींच्या शेजारी, बाकीच्या मागे. भाऊजींनी ते वाक्य मनात घोळवून ठेवलं होतं. आधी हवापाण्याचं बोलायचं, मग दवाखान्याचं विचारायचं, मग सहज म्हणायचं. गावाबाहेर पडले आणि त्यांनी घसा साफ केला. “काय मग, दवाखान्यात सराव कसा चाललाय?”

“छान चाललाय,” बाई म्हणाल्या.

हे उत्तर भाऊजींनी धरलं नव्हतं. पुढची वाक्यं सगळी ‘नीट होत नाही हो’ या उत्तरावर बांधलेली होती. ती नव्याने जुळवेपर्यंत नाका आला, कागद दाखवले, आणि घाट लागला.

दुसऱ्या वळणावर सीट गरम झाली. चौथ्या वळणावर ‘सरकून बसा’. भाऊजी सरकले. बाईही सरकल्या, पण त्यांना कारण कळेना, त्यांनी आपलं सभ्यपणे खिडकीकडे पाहिलं. शेवटी भाऊजींनी धीर केला. “बाई, जरा हीटर लावतो.”

“हीटर? या उन्हात?”

“गाडीसाठी.”

त्यांनी हीटर पूर्ण सोडला. मागून आरोळ्या उठल्या. सगळ्या खिडक्या उघड्या, बाहेर रणरणतं ऊन आणि आत भट्टी. पावडरीचे ओघळ निघाले. मंडळात सगळ्यात लहान असलेली धाकटी ओरडली, “भाऊजी, आम्हाला स्पर्धेला नेताय की वाळत घालायला?”

“बोलू नका, गा!” बाई कडाडल्या. “घसा मोकळा होतोय. असा घसा पुन्हा मिळायचा नाही. सा लावा!”

आणि घाटातून वर चाललेल्या त्या व्हॅनमधून घामाने निथळणाऱ्या सात बायकांचा सूर लागला. दाबायला इथे वकील नव्हता. समोरून उतरणाऱ्या ट्रकवाल्याने बाजू दिली आणि हॉर्नही वाजवला नाही. भाऊजींना क्षणभर खालची आग विसरायला झाली. वर्षभर त्यांनी हा आवाज ऐकला नव्हता.

पुढच्या वळणावर सीट ‘उतरा’ म्हणाली. सगळ्या उतरल्या.

गाडी कडेला वाफा सोडत उभी राहिली. घाटातलं झाड, दगडाचा कठडा, खाली दरी. भाऊजी गाडीपासून दूर जाऊन उभे राहिले. त्यांना गाडीकडे बघवेना आणि बायकांकडे तर त्याहून बघवेना. बाईंनी पर्समधून फोन काढला होता. आता मिनीबस येणार. मग ‘तुम्हाला त्रास नको’ येणार. मग सगळं कायमचं मिटणार.

“फोनला रेंज नाही,” बाई म्हणाल्या, आणि भाऊजींना वाटलं, देव आहे.

इंजिन बंद होतं, पण पुढचा पंखा अजून फिरत होता. डॉक्टरीणबाईंच्या बाहीवर पाणी सांडलं होतं, ते त्यांनी रुमालाने टिपलं. गरम गाडीसमोर सुकेल म्हणून त्यांनी रुमाल पिळून व्हॅनच्या नाकाशी जाळीवर टाकला. रुमाल उडून त्यांच्याच तोंडावर आला. त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा तोंडावर.

“भाऊजी,” त्या हळूच म्हणाल्या, “हा पंखा फुंकतोय.”

“पंखा फुंकणारच ना.”

“अहो, इकडे का फुंकतोय? गाडी पुढे चालली की वारा समोरून आत जातो, आणि हा आतून बाहेर ढकलतोय. दोघांची मारामारी. माझ्याकडे दोन नळ्या असतात, एक तोंडात हवा फुंकते आणि एक थुंकी ओढते. नवी मदतनीस हमखास उलटी धरते. मग काय होतं ते पेशंटच्या चेहऱ्यावर दिसतं. हे तेच आहे. याने ओढायला हवं.”

भाऊजींनी आ वासला. डॉक्टरीणबाईंना ती सवयीचीच गोष्ट, त्यांनी लक्ष दिलं नाही. जाळी काढली, धाकटीच्या केसातली एक पिन घेतली, मोबाइलचा उजेड आत मारला आणि म्हणाल्या, “हलू नका.” कोणीच हलत नव्हतं. दोन वायरी होत्या. त्यांनी त्या सोडवून अदलाबदल करून जोडल्या, त्यांच्यावरचीच टेप पुन्हा गुंडाळली आणि जाळी परत बसवली. “झालं. आता रुमाल टाका.”

रुमाल जाळीला जाऊन चिकटला, जसा काही वर्षानुवर्षं तिथेच राहत होता.

आता पाणी. गाडीतलं पाणी वाफ होऊन गेलेलं, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर ते तडकतं, हे होईलशेठने बजावलेलं. डोंगरात कोमट पाणी कुठून आणायचं? भाऊजी हा प्रश्न मोठ्याने विचारणार, तोच त्यांची नजर कठड्यावर ओळीने ठेवलेल्या सात बाटल्यांकडे गेली. बायकांच्या लक्षात आलं. प्रत्येकीने आपापली बाटली जवळ ओढली.

“हे घशासाठी आहे,” एकजण म्हणाली.

“गाडी नाही पोचली तर घसा काय करायचाय?” बाई म्हणाल्या. “द्या.”

झाकण उघडण्याइतकी गाडी निवेपर्यंत त्यांनी कठड्यावर बसून गाणं दोनदा म्हणून घेतलं. मग एकेक बाटली रेडिएटरमध्ये गेली. सहाव्या बाटलीशी धाकटी थबकली. “माझ्या पाण्यात मध आहे. चालेल?”

यावर चर्चा झाली. इंजिनाचा आवाज गोड होईल, असं एकीचं मत पडलं. शेवटी बाईंनी ती बाटली स्वतः पिऊन टाकली आणि प्रश्न निकालात काढला.

उरलेला घाट व्हॅन अशी चढली की विकणाऱ्याने सांगितलेली ताकद खरी होती हे भाऊजींना कबूल करावं लागलं. सीट कोमट राहिली. एकदाही सरकावं लागलं नाही. सभागृहात पोचले तेव्हा यांचं नाव पुकारून झालेलं. बाईंनी आयोजकांना काय सांगितलं कोणास ठाऊक, पण त्यांच्याकडे आणि डॉक्टरीणबाईंच्या गालावरच्या काळ्या ऑइलकडे बघून आयोजकांनी शेवटचा नंबर दिला. लालबुंद चेहरे, ओघळलेली पावडर, एकीचे केस मोकळे. पण सूर असा लागला की मागे चहा पिणारे लोक कप हातात धरून आत आले.

बक्षीस मिळालं नाही. पहिलं बक्षीस ज्या मंडळाला मिळालं, त्यांच्या गाडीचं इंजिन बहुतेक तिचंच असावं.

परतताना उतार होता, हीटर बंद होता, खिडक्यांतून वारा येत होता आणि मागे सगळ्याजणी एकदम बोलत होत्या. बाई भाऊजींकडे वळून प्रेमाने म्हणाल्या, “भाऊजी, आमच्यामुळे फार त्रास झाला हो तुम्हाला. पुढच्या वेळी आम्ही मिनीबसच सांगू. तुम्हाला त्रास नको.”

भाऊजींनी गाडी कडेला घेतली. थांबवली. मागच्या गप्पाही थांबल्या. काहीतरी पुन्हा तापलं, असंच सगळ्यांना वाटलं.

“बाई,” भाऊजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना, “मला त्रास हवाय.”

“काय?”

“त्रास हवाय मला! वर्षभर कोणी त्रास दिला नाही. मंगळवारी खुर्च्या जिथल्या तिथे असतात. कोणी चहा सांडत नाही. कोणी दार उघडं टाकून जात नाही. तुम्ही सगळ्या मला त्रास नको म्हणून त्या दाढेखाली जाऊन बसलात आणि मी घरी बसलो. मला नाही जमत तसं बसायला. मंगळवारी घरी या. सगळ्या या. हवा तेवढा त्रास द्या.”

धाकटीने नाक ओढलं.

“आम्हाला वाटलं,” बाई सावकाश म्हणाल्या, “आम्हाला बघून तुम्हाला तिची आठवण येईल.”

“येईलच की. ती काय तुम्ही आला नाहीत तर थांबते?”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. “अहो, मग एवढं सरळ म्हणायचं सोडून व्हॅन कशाला घेतलीत?”

भाऊजींनी विचार केला. खरं उत्तर देण्यासारखी आता परिस्थिती होती. “घेताना,” ते म्हणाले, “सोपं वाटलं होतं.”

मागे जो हशा उठला तो फाटकापर्यंत पुरला. फाटकात प्रोफेसर उभेच होते. “पोचलात ना? पोचणारच! त्या दिवशी पंखा उलटा मीच केला होता. हवा आत घेत होता मूर्ख! मी म्हटलं, गरम हवा बाहेर टाकायला हवी. श्रेय नको मला, फक्त सांगून ठेवतो.” डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं. भाऊजींनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली आणि प्रोफेसरांचा हात हातात घेऊन मनापासून दाबला. तो पंखा सुलटा असता तर व्हॅन न थांबता वर गेली असती, आणि मग ते वाक्य अजून पोटातच राहिलं असतं.

मंगळवारी सातहीजणी आल्या. चपलांनी दाराशी ढीग केला. खुर्च्या भिंतीला लावल्या, टेबल आतल्या खोलीत ढकललं, ते मधल्या दारात अडकलं आणि तसंच राहिलं. पडद्याची दांडी निघाली. कोणीतरी कपात पाणी म्हणून फ्लॉवरपॉटमधलं पाणी घेतलं. भाऊजींना स्वयंपाकघरात जायला टेबलाखालून वाकून जावं लागत होतं, आणि ते विनाकारण चारदा जाऊन आले. बाईंनी सा लावला. वकील नसल्याने कोणी दाबला नाही.

थोड्या वेळाने बेल वाजली. दारात सेक्रेटरी उभे होते, हातात सोसायटीच्या नियमांची पुस्तिका.

“भाऊजी, फार आवाज होतोय.”

“होतोय ना?” भाऊजींचा चेहरा उजळला. “कुठपर्यंत ऐकू येतोय?”

“पार खाली पार्किंगपर्यंत!”

“वरती?”

“वरती गच्चीपर्यंत!”

“वा!” भाऊजी म्हणाले, सेक्रेटरींना हाताला धरून आत ओढलं, भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं, आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायला गेले.